दोरावरची जागा

नळदुर्ग
१४ डिसेंबर २०२४

हर्षाबाई,

निघायच्या दिवशी तू सारखे फोन केलेस आणि मी उचलले नाहीत. कामात वगैरे नव्हते. रणधीरदादाच्या ढाब्यावर गल्ल्याशी बसून वाजणाऱ्या मोबाइलकडे बघत होते. उचलला असता तर ‘अभिनंदन’ म्हणावं लागलं असतं, आणि ते कसल्या आवाजात म्हटलं हे तुला लगेच कळलं असतं. कागदाचं बरं असतं, त्यात दातओठ खाल्लेले दिसत नाहीत. आता मल्लिनाथ सरांनी तुमचे मोबाइल काढून घेतलेत आणि रविवारचा एक फोन तू मामीलाच करणार, म्हणजे पत्राशिवाय इलाज नाही. माझी सोयच झाली म्हणायची.

तर अभिनंदन. लिहिलं बघ.

आता पोटातलं लिहिते. आपण मामे-आतेबहिणी, एकाच आठवड्यात जन्मलेल्या. मनालीचा गिर्यारोहणाचा कोर्स एकत्र केला, एका दोरावर चढलो. निवड चाचणीच्या दिवशी कड्यावर तुझ्या आधी मी पोचले होते, सरांनी डोळ्यांनी बघितलं. तरी मोहिमेत तू, आणि माझ्या नावापुढे ‘राखीव’. राखीव म्हणजे कुणाचा पाय मोडला तर धावत यायचं, नाही मोडला तर घरी बसून टाळ्या वाजवायच्या.

पेपरात तुझा फोटो आला, ‘मेंढपाळाची लेक हिमशिखराकडे’. दादानं तो कापून गल्ल्यामागं चिकटवलाय. ट्रकवाले पैसे देताना विचारतात, “ही कोन तुमची?” आणि मला सांगावं लागतं. माझ्या बापाची बागायत आडवी आली बघ. बागायतदाराच्या लेकीचा मथळा होत नाही.

बर्फ कसा आहे ते सगळं लिही. मला त्रास होईल असंच लिही. नुसतं ‘छान आहे’ म्हणालीस तर पुढचं पत्र येणार नाही.

तुझी, नाइलाजानं,
दीपा

* * *

स्पिती
२६ डिसेंबर २०२४

दीपे,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की तंबूतल्या पोरी विचारायला लागल्या. त्रास होईल असं लिही म्हणालीस ना? घे मग.

इथं धबधबे उभेच्या उभे गोठलेत. सकाळी ऊन पडलं की आतून निळे दिसतात. दोन्ही हातात त्या वाकड्या कुऱ्हाडी, पायात काट्यांचे क्रॅम्पॉन, आणि समोर सरळ भिंत. घाव नीट बसला तर ‘ठक्’ असा भरीव आवाज येतो आणि कुऱ्हाड सिमेंटात रोवल्यागत बसते. चुकीच्या जागी बसला तर ताटाएवढी कपची निघून थेट तोंडावर येते. माझ्या हनुवटीला एक लागलीय. महिनाभर इथंच सराव, मग हिमनदीवर मुक्काम, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर शिखर. शेवटची भिंत निव्वळ बर्फाची आहे. इथल्या गावातली म्हातारी माणसं म्हणतात, हिवाळ्यात तिकडं कशाला जाता? उन्हाळ्यात तरी काय ठेवलंय तिथं?

आता एक खरं सांगू का? तू माझ्या आधी पोचलीस हे बरोबर. पण वर पोचल्यावर तू उड्या मारत होतीस आणि खाली मी, तू वरून माझा दोर ओढून घेशील याची वाट बघत लटकले होते. सरांनी तेही बघितलं. तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

चिडलीस ना? चिड. पण एक विचारायचंय. माझे हात लई लवकर भरून येतात. भीतीनं मी दांडा आवळून धरते, मग बोटांत रक्त उरत नाही, गारठून लाकडं होतात. तुझे हात कधीच भरून यायचे नाहीत. तू कसं धरायचीस? काय युक्ती आहे ती सांग. पुढची भिंत लांबलचक आहे.

तुझीच,
हर्षा

* * *

नळदुर्ग
६ जानेवारी २०२५

हर्षाली,

दोराचं तू लिहिलंस ते खोटं आहे असं मी तीन दिवस म्हणत होते. चौथ्या दिवशी म्हणणं सोडलं. पुढं बोलू नकोस त्यावर.

माझं ऐक. राखीव माणसानंही तयारीत राहायचं असतं. पहाटे किल्ल्यातल्या उपळी बुरुजाच्या पायऱ्या मी पाठीवर गव्हाचं पोतं घेऊन चढते. सहलीची पोरं माझा व्हिडिओ काढतात. आणि सोलापूरहून ढाब्यावर बर्फाच्या लाद्या येतात ना, भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेल्या? त्या मी मागच्या भिंतीला एकावर एक उभ्या रचते आणि कुऱ्हाड चालवते. कपच्या माझ्याही तोंडावर येतात, फक्त त्यांना भुश्याचा वास असतो. दुपारपर्यंत माझा डोंगर गटारातून वाहून जातो. दादा म्हणतो, “बर्फाचा चुरा नुसता, लस्सीत काय घालू, तुझं डोस्कं?”  आणि आण्णांनी परवा एका पाहुण्याला सांगितलं की आमची पोरगी जरा आजारी आहे.

मंगळवारी मामीबरोबर येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावर गेले. तुझ्यासाठी ओटी भरायची होती. मामी डोळे मिटून लेकीचं यश मागत होती आणि मी शेजारी हात जोडून उभी. मी काय मागितलं ते सांगते, कारण तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. मी म्हणाले, आई, हर्षीचा पाय मुरगळू दे. मोडू नको देऊ, नुसता मुरगळू दे, महिनाभरात बरा होईल असा. मग मामीनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि मी तो खाल्ला.

इतकी जळते मी तुझ्यावर. तुझं पत्र आलं की आधी वास घेते, त्याला थंडीचा वास येतो असं मला वाटतं, आणि मग रडायला येतं.

दांडा धरायची युक्तीबिक्ती काही नाही. सवयीनं होतं.

दीपा

* * *

स्पिती
१६ जानेवारी २०२५

दीपे,

देवीनं तुझं ऐकलं, पण अवयवात चुकली.

पाय ठणठणीत आहेत. उजव्या हाताची मधली तीन बोटं बिघडलीत. त्या लांब भिंतीवर हातमोजा ओला झाला आणि मी आपली दांडा आवळूनच होते. खाली आले तर शेंडे पांढरे, मेणबत्तीसारखे. त्याला आठवडा झाला, तरी टाचणी टोचली तर कळत नाही. रविवारी आईला हळूच सांगितलं. ती म्हणाली, करडईचं तेल कोमट करून चोळ आणि चांगलं शेक, गारठाच तो, जातोय कुठं. तिनं दिलेली बाटली होतीच. आता मी रोज तेल चोळते आणि कुणी नसताना स्टोव्हवर हात धरते. आपल्याकडे मेंढरामागं थंडीत हात बधिर झाले की शेकतोच की. परवा एक बोट स्टोव्हच्या कडेला टेकलं. कातडं जळल्याचा वास आला तेव्हा कळलं.

घाबरू नकोस. कुऱ्हाड धरता येते. सरांपुढं मोजे काढत नाही इतकंच. आई म्हणाली, कुणाला बोलू नको, गावात सत्काराचं ठरलंय, मधनंच परत आलीस तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मलाही परत यायचं नाही. या भिंतीसाठी मी दोन वर्षं लग्नाच्या स्थळांना नाही म्हणत आलेय. आता बोटांच्या शेंड्यांसाठी खाली उतरू?

तुला का सांगते? कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि तू कुणाला सांगणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. तू सांगितलंस तर माझी जागा तुलाच मिळेल. मग सगळा गोतावळा म्हणेल, दीपीनं जळून घात केला. तू जळतेस, पण इतकी नाहीस.

फेब्रुवारी उजाडला की हिमनदीवर जायचं.

हर्षा

* * *

नळदुर्ग
२७ जानेवारी २०२५

हर्षे,

हे पत्र येरमाळ्याच्या पत्त्यावर टाकतेय, कारण ते पोचेल तेव्हा तू तिथं असशील. मी सरांना सांगितलं.

आता कसं झालं ते सरळ लिहिते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण. तुझं पत्र शनिवारी आलं. ‘बोटं बिघडलीत’ वाचलं आणि सगळ्यात आधी मला आनंद झाला. अगदी उकळी फुटली. ढाब्याच्या मागं जाऊन मी नाचले, सरावाचे हातमोजे हातात तसेच होते. पत्र पुरं वाचलंही नव्हतं. मग पुढचं वाचलं, स्टोव्हचं, आणि मोजे काढून ठेवले.

मनालीला डॉक्टरांनी हेच शिकवलं होतं गं. तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होतीस. गोठलेलं बोट चोळायचं नाही. विस्तवावर धरायचं नाही. आणि एकदा गोठलेलं पुन्हा गोठलं तर ते वाचत नाही, कापावं लागतं. हिमनदीवर ते पुन्हा गोठणार नाही असं होईल का?

तशीच एसटी धरून येरमाळ्याला गेले. मला वाटलं, मामीनं सांगितलं तर माझ्यावर येणार नाही. मामी ज्वारी निवडत होती.

“मामी, तुमी सांगा सरांला. तुमी आई हायसा, तुमचं ऐकत्याल.”

“म्या न्हाय सांगायची. गारठ्यानं व्हतंय तसं. आन् तू कशापायी धावत आलीस ते कळतंय मला. तुला जायचंय तिथं.”

“व्हय, जायचंय. पर तिची बोटं जात्यात, मामी.”

“तिची काळजी कराया म्या हाय. तू जा बाई हितनं.”

चहा नाही, पाणी नाही. उठून बाहेर आले. स्टँडवर बसून दोन गाड्या सोडल्या. गप्प बसले तर मी चांगली ठरणार होते. मामी म्हणाली असती, दीपी चांगली, पोटात ठेवलं. तू म्हणाली असतीस, माझी बहीण ती. आणि तुझी बोटं गेली असती. बोलले तर सगळे म्हणणार ते खरंच आहे, मला तुझी जागा हवीय. दोन्हीकडून मीच वाईट. मग म्हटलं, वाईट व्हायचंच आहे तर बोटं वाचवून तरी होऊ.

रविवारी सर फोन लागेल अशा ठिकाणी येतात तेव्हा लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हे तू का सांगतेस ते मला सांगू नकोस. पांढरं कुठपर्यंत चढलंय तेवढं सांग.” ते सांगितल्यावर म्हणाले, “दीपाली, तू येऊ...” आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले.

इथं मी ‘नको सर’ म्हणायला हवं होतं. तसं म्हणाले असते तर ही गोष्ट चांगली झाली असती. पण तोंडातून हो गेलं, आणि खरं सांगते, ते मागं घ्यावंसं मला वाटत नाही. उद्या सोलापूरहून गाडी आहे.

आणखी एक. तू युक्ती विचारली होतीस आणि मी नाही म्हणाले. होती. ऊस तोडताना कोयता धरतात तशी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटानं दांडा तोलायचा, बाकीची बोटं दांड्यावर नुसती टेकवायची. आणि घाव बसला की तो हात खाली सोडून झटकायचा. कोयता आवळून धरणारा दिवसभर तोडूच शकत नाही, हे आमच्या रानात पोरंटोरंही जाणतात. तुमच्याकडं मेंढरं, तुला कुठून ठाऊक असणार? तीन ओळींचं काम होतं आणि मी ते केलं नाही. तू वर जाऊ नयेस म्हणून नाही केलं. बोटांचा विचारच केला नव्हता.

दीपा

* * *

येरमाळा
९ फेब्रुवारी २०२५

दीपाली,

डाव्या हातानं लिहितेय, तेव्हा थोडक्यात.

सरांनी सगळ्यांदेखत मोजे काढायला लावले. पोरी मागं सरकल्या. त्याच दिवशी मला खालच्या गावात धाडलं, पुढचा रस्ता मोकळा व्हायला चार दिवस गेले. घाटात तुझी जीप वर येत होती. तू काच खाली केलीस. मी तोंड फिरवलं ते थंडीनं नव्हे.

तुझं पत्र मिळालं. युक्ती कळली. आता तिचं लोणचं घालू?

गावात सत्काराची कमान उभी केली होती, ती मी यायच्या आधी उतरवून ठेवली. लोक बोटं बघायला येतात, तेवढ्यापुरता चहा पितात आणि जातात. डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगणार नाही.

माझी जागा घेतलीस, तर नीट घे. जिच्यासाठी वर्षभर जळत होतीस त्या भिंतीवर नीट चढ. अर्ध्यातून परत आलीस तर माझी बोटं फुकट गेली असं समजेन.

हर्षाली

* * *

स्पिती
२२ फेब्रुवारी २०२५

हर्षे,

तुझं पत्र खालच्या तळावर माझी वाट बघत होतं. उतरल्यावर मिळालं. वर जायच्या आधी मिळालं असतं तर माझा घाव चुकला असता, म्हणून पोस्टाचे आभार.

मी वर जाऊन आले. चौघंच पोचलो. भिंतीवर माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला तुझीच जोडीदार होती, ती इंदापूरकडची. मी तिच्या आधी पोचले आणि सगळ्यात आधी तिचा दोर ओढून घेतला. ती येईपर्यंत इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

पहिले दिवस कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. थाळी माझ्यापुढं सरकवायचे, हातात द्यायचे नाहीत. तंबूत तुझी जागा मला दिली होती आणि तिथं कुणीतरी तुझ्या तेलाची बाटली तशीच ठेवली होती. मी ती हलवली नाही. मला वाटलं, हे मला भोगायचंच आहे, त्यात तक्रार कसली?

तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. शिखरावर मला तुझी आठवण आली नाही. जराही नाही. इतकं मला तिथं जायचं होतं. उतरताना आली. दोन्ही हातांचे मोजे काढून मी बोटं बघितली, सगळी लाल होती, आणि मग मी बर्फात बसून रडले. सरांना वाटलं थकले.

तू मला माफ कर असं लिहीत नाही. तुला काय झालं तेवढं कळव. बोटं आहेत का? एका शब्दात कळव. मामीला सांग, मला येरमाळ्यात पाय ठेवू नको म्हणाली तरी चालेल, पण हे कळवा.

दीपा

* * *

येरमाळा
८ मार्च २०२५

दीपे,

आहेत.

तीनही आहेत. एकाचं नख गेलं आणि शेंड्याचं कातडं साप कात टाकतो तसं निघालं, खाली नवं आलंय, कोवळं, गुलाबी. सोलापूरचे डॉक्टर आईला म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता किंवा ही बोटं आणखी एकदा गोठली असती तर मी आज कापायला बसलो असतो. तेल कुणी सांगितलं म्हणून त्यांनी विचारलं. आई तिथंच खुर्चीवर बसली आणि पदर तोंडात घातला. तेव्हापासून ती माझ्या ताटात भाकरी चुरून देते, मी नको म्हणाले तरी.

मी लई विचार केला. रिकामी बसलेय, दुसरं काय करू? माझ्या बोटांचं आईला ठाऊक होतं. तंबूतल्या त्या इंदापूरच्या पोरीलाही ठाऊक होतं, तिनं एकदा स्टोव्हपाशी बघितलं होतं. दोघींचा माझ्यावर जीव. म्हणून दोघी गप्प. मला वाईट वाटू नये, माझं स्वप्न मोडू नये. तुझाही माझ्यावर नुसता जीवच असता तर तूही गप्प बसली असतीस, आणि मी आज डाव्या हातानं जेवत असते. तू जळत होतीस म्हणून बोललीस. माझ्याशी वाईटपणा घ्यायला जळणारंच माणूस लागलं.

याचा अर्थ मी उपकार मानते असा नाही. अजिबात मानत नाही. रणधीरदादानं ढाब्यावर ट्रकवाल्यांना पेढे वाटले, आमच्याकडेही पुडा धाडला. आई म्हणाली, नको ठेवूस घरात. मी दोन खाल्ले, दुसरा रागानं. तुझं नाव गावात कुणी काढलं की माझ्या छातीत काहीतरी पेटतं. तुझा फोटो बघितला नाही. दुकानात पेपर टांगलेला असला तर मी रस्ता बदलते. आतापर्यंत तू कशी जगलीस गं अशी? मी तुझी चेष्टा करायचे. हे इतकं दुखतं हे मला ठाऊक नव्हतं.

वरून काय दिसतं ते मला लिहू नकोस. तोंडानंही सांगू नकोस, मी विचारेपर्यंत. विचारीन कधीतरी.

आज पहिल्यांदा उजव्या हातात पेन धरलंय. अक्षर वेडंवाकडं आलंय आणि प्रत्येक ओळीला बोटं ठणकतात. डॉक्टर म्हणतात ठणकू दे, ठणकतंय म्हणजे जिवंत आहे.

परत आलीस की नळदुर्गला नंतर जा. आधी इकडं ये. आई दार उघडेल, मी तिला सांगितलंय. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि ते पत्रात मावत नाही.

हर्षा